हे काय, त्या वळणापलीकडे

घाटाचा चढ जिथून सुरू होतो, अगदी तिथेच पंपवाल्या काकूंचं घर. पुढे हवा भरायचा पंप, टांगलेल्या ट्यूबा, चहाचं आधण. मागे दोन खोल्या, सायकलवर मुलूख बघत हिंडणाऱ्यांना रात्रीपुरत्या द्यायच्या. हे सायकलवाले म्हणजे एक नवलच. घरी चांगली गाडी असते, तिच्यात गार वारा लागतो, ते सोडून इथे यायचं आणि घाम गाळत डोंगर चढायचा. सायकलीच्या दोन्ही अंगांना पिशव्या अशा लटकवायच्या की बघणाऱ्याला त्या सायकलीचीच दया यावी. चड्ड्या इतक्या घट्ट, की काकूंच्या सासूबाई होत्या तोवर पाहुणे आले की भिंतीकडे तोंड करून चहा द्यायच्या.

या लोकांच्या नकाशात तीन वाटा. एक नदीकाठची, लेकुरवाळ्यांनाही झेपेल अशी. एक शेतांमधली, चढउताराची. आणि तिसरी काकूंच्या दारावरून खिंडीत जाणारी. तिच्यावर नकाशा काढणाऱ्यानं बारीक बारीक बाण काढलेत. जितके बाण जास्त तितका चढ उभा. शहाण्या माणसानं बाण बघून दुसरी वाट धरावी, पण यांचं उलटंच. बाण दिसले की यांना चेव येतो.

आता या वस्तीची एक रीत होती. चढणाऱ्यानं विचारलं, खिंड किती लांब, तर खरं सांगायचं नाही. गुराखी असो, मोळीवाली असो, सगळ्यांचं उत्तर एकच, "हे काय, त्या वळणापलीकडे." खरं ऐकलं की माणसाचे पाय जागीच बसतात, अशी सगळ्यांची समजूत. यात कुणाला फसवायचं नसे. बाळंतिणीला म्हणावं, झालं हं आता, तसलंच ते. सायकलवालेही परतताना हसत सांगायचे, "काकू, तुमचं वळण आमच्यापुढे पुढे पळत होतं हो!" काकू म्हणायच्या, "मग त्याच्यामागं पळत पळत पोचलात की नाही?"

त्या उन्हाळ्यात एक बापलेक आली. लेक एका दवाखान्यात नर्स, मोठ्या मिनतवारीनं रजा मिळवलेली. बाप म्हातारा, आयुष्यभर शिवणयंत्रावर बसून पाठीला बाक आलेला, पण डोळे पोरासारखे. लेक जेवताना म्हणाली, "यांना ऐकायला सांगा काकू. गुडघा धड नाही आणि घाट चढायचाय म्हणे."

"मी कधी म्हटलं?" शिंपीदादा म्हणाले. "मी नुसतं वर बघितलं."

"तुमचं नुसतं बघणं मला माहीत आहे."

शेवटी असं ठरलं, की लेकीनं सकाळी लवकर सायकलवर पुढे व्हायचं आणि बापानं सायकलीसकट टेम्पोतून खिंडीत जायचं. तिथून पलीकडचा उतार दोघांनी मिळून उतरायचा. टेम्पो काकूंच्या धाकट्या दिरांचा. भाऊजी तोंडानं वाचाळ, पण शब्दाचे पक्के. "दादांना फुलासारखं नेऊन ठेवतो," म्हणाले.

सकाळी लेक निघून गेली आणि काकूंच्या स्वयंपाकघरातला गॅस फुस्स करून संपला. दुपारी जेवायला सायकलवाल्यांचा मोठा जथा येणार होता. दुसरा सिलिंडर खालच्या बाजारात, आणि ते दुकान दुपारी बंद झालं की मधली सुट्टी उलटल्यावरच उघडायचं. सूनबाई पातेल्यावर झाकण आपटत म्हणाली, "चूल पेटवू का आता, एवढ्या माणसांची?"

"दादांना वर सोडतो, मग बाजारात जातो," भाऊजी म्हणाले.

काकूंनी मनात हिशेब केला. टेम्पो वर जाऊन येईस्तोवर दुकान बंद. पदर खोचून बाहेर आल्या.

अंगणात शिंपीदादा डोक्याला ती कासवासारखी टोपी बांधत उभे होते. बांधता बांधता घाटाकडे बघत होते. मिठाईच्या दुकानापुढे पोर उभं राहतं तसं.

"ताई, खिंड किती लांब हो इथून?"

काकूंच्या तोंडात उत्तर तयारच होतं. "हे काय, त्या वळणापलीकडे." एवढं म्हणून थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या पुढे म्हणाल्या, "दमादमानं गेलात तर टेम्पोच्या आधी पोचाल तुम्ही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की काकूंनाच बरं वाटलं. "खरंच? मग टेम्पो हवाच कशाला!" त्यांनी भाऊजींना हात केला, "तुम्ही तुमचं काम करा हो!" आणि टांग मारली.

टेम्पो खाली गेला. सिलिंडर आला. जथा जेवला. कुणीतरी म्हणालं, काकू, आज काय हात लागलाय तुमचा! काकू पदरानं तोंड पुसत हसल्या.

दुपार कलली तेव्हा एक गुराखीण धावत आली. शिंपीदादा वळणामागून वळण चढत गेले होते. प्रत्येक वळणावर वाटलं, आलीच. मग पाणी संपलं, पायांत गोळे आले, म्हणून मागे फिरले. उतारावर थकल्या हातांना ब्रेक आवळेना. सायकल गटारात आणि म्हातारा दगडावर. खुब्याचं हाड मोडलं. तिकडे लेक खिंडीत उभी, टेम्पोची वाट बघत, फोनला रेंज नाही.

बाजाराच्या गावातल्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून काकूंनी डबा धरला. रोज मऊ भात, उकडलेलं अंडं, दूध. टेम्पोत पुढे बसून जायच्या, खाटेशेजारी स्टुलावर बसून भरवायच्या. दवाखान्यातली आया म्हणाली, "सख्खी बहीण करणार नाही एवढं करता." काकू वाटी खरवडत राहायच्या. लेक आभार मानायची तेव्हा तर त्या डब्याची झाकणं उगाच मोजत बसायच्या.

पण खरा काच निराळाच होता. लेक बापाला बोलायची.

"टेम्पो परत का पाठवलात? एवढं सांगून गेले होते मी!"

"चुकलं."

"नुसतं चुकलं म्हणून भागतं? नेहमीचा हट्ट! आईलाही असंच दमवलंत. आता बास. ती सायकल विकायची, माझ्याकडे यायचं, आणि जिना एकट्यानं उतरायचा नाही."

शिंपीदादा छताकडे बघायचे. कुणी काय सांगितलं होतं, याचं अवाक्षर काढायचे नाहीत. काकू तिथेच बसलेल्या असायच्या, चमचा हातात. रोज येताना ठरवून यायच्या, आज सांगायचं. मग दादा म्हणायचे, "ताई, आज भात झकास झालाय," आणि ठरवलेलं सगळं पुन्हा डब्यात भरून काकू घरी न्यायच्या. घरी सून म्हणायची, "आई, अहो, सगळेच तसं सांगतात. तुम्हीच का मनाला लावून घेता?" काकू नुसतं हूं म्हणायच्या. सगळे सांगतात ते काय आणि आपण सांगितलं ते काय, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

एक दिवस लेकीनं भाऊजींनाच टेम्पोतून वर खोलीत बोलावलं. "काका, तुमच्याकडे पडलेल्या सायकलीला गिऱ्हाईक बघाल का?"

"बघतो की." भाऊजी खाटेच्या कठड्याला टेकले. "पण दादांना नका रागावू ताई. मी म्हणत होतो, आधी वर सोडतो. पण गॅस संपलेला, दुकान बंद होणार. आमच्या वहिनींचा जीव टांगणीला लागलेला. हे म्हणाले जा, मला सुटल्यासारखंच झालं. नाहीतर त्या दिवशी जथा उपाशीच जाता!"

ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही. लेकीनं मान वळवली.

"काकू, तुम्ही बाबांना काही म्हणाला होतात?"

भाऊजींना आता कुठे काहीतरी चुकल्याचं कळलं. घाईघाईनं म्हणाले, "अहो, त्या सगळ्यांनाच म्हणतात. हे काय, वळणापलीकडे! आमच्याकडची रीतच आहे ती. विचारा कुणालाही."

आयती पळवाट होती. काकूंनी नुसती मान डोलावली असती तरी निभलं असतं. त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"सगळ्यांना म्हणते ते निराळं," त्या म्हणाल्या. "ह्यांना म्हटलं, टेम्पोच्या आधी पोचाल. मला टेम्पो मोकळा हवा होता. सिलिंडरसाठी. चढ केवढा आहे ते मला ठाऊक होतं. ह्यांनी हट्ट नाही केला बाई. तू यांना बोलू नको."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. भाऊजी आपल्या चपलांकडे बघत राहिले.

शिंपीदादा सावकाश म्हणाले, "एवढंच होतं होय?"

"एवढंच."

"मला वाटलं, तुम्ही माझ्या पायांकडे बघून म्हणालात." त्यांनी चादर गुडघ्यावर ओढून घेतली. "बिछान्यात पडल्या पडल्या तेच आठवत होतो मी. म्हटलं, पडलो खरा, पण बघणाऱ्या बाईला वाटलं होतं, हा पोचेल."

इतके दिवस काकूंना वाटत होतं, आपण याचं हाड मोडलं. हे दुसरं काही त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

लेकीनं वाटी उचलून स्वतःकडे घेतली. "तुम्ही निघा आता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. मग भाऊजींना म्हणाली, "सायकलीचं राहू द्या. सध्या नका विकू."

जिन्यात काकू कठडा धरून थांबल्या. वर लेक बापाशी बोलत होती, "आधी कुबड्यांवर दारापर्यंत जाऊन दाखवा, मग बघू." दादांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुन्हा भात टाकला. सून म्हणाली, "द्या काकांजवळ, टेम्पो जातोच आहे. तुम्ही कशाला जाता?" काकू डबा घेऊन टेम्पोत चढल्या.

खोलीच्या दारातच लेक भेटली. तिनं डबा घेतला.

"झोपलेत ते," ती म्हणाली.

आतून वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज आला. थोडं खाकरणंही.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि खाली येऊन डबा रिकामा होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या.