आभाराचा फ्लेक्स

निवृत्तीनंतर गुरुजींनी, म्हणजे मी, काहीतरी समाजकार्य करावं, असं आमच्या घरच्यांचं एकमताने ठरलं. गुरुजींनी दिवसभर घरात बसू नये, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हणून मी गावातल्या एका छोट्या संस्थेचा सचिव झालो. काम सोपं होतं. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यांना गाडीत घालून बीडला न्यायचं, ऑपरेशन करून परत आणायचं, आणि ज्यांना घरी कुणी नाही त्यांच्या डोळ्यात पुढचा महिना-सव्वा महिना दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे.

न्यायच्या दिवशी आमच्याकडे स्वयंसेवकांची कधीच टंचाई नसे. म्हातारीला हात दोनच आणि धरायला उत्साही मंडळी सोळा, अशी परिस्थिती. फोटो निघाला की सोळा जण म्हातारीला गाडीच्या पायरीशी सोडून चहाला जात. थेंबांचा विषय निघाला की कुणाची सोयाबीन काढायची असे, कुणाला चौसाळ्याला तातडीचं काम निघे, कुणी नारायणगडाला दर्शनाला गेलेला असे. गडावर हीच पोरं न सांगता रांगा लावतात, पत्रावळ्या उचलतात, झाडलोट करतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण तिथे बघणारा देव असतो, इथे फक्त मी.

थेंब टाकायला एकच माणूस टिकला, आमचा मोटारसायकली दुरुस्त करणारा मिस्त्री. सकाळी शटर उघडण्याआधी, दुपारी, दिवेलागणीला आणि दुकान बंद केल्यावर, असा चार वेळा जायचा. हाताचं काळं ऑइल आधी निरम्याने, मग साबणाने कोपरापर्यंत घासायचा. शुक्रवारची नमाज असली तर थेंब आधी उरकायचा, पण चुकवायचा नाही. त्याच्याकडे तीन घरं होती. त्यातलं एक खालच्या आळीतल्या आजीचं. मुलगा पुण्याला कंपनीत. आजीचा एक डोळा आधीच गेलेला, त्यामुळे ऑपरेशन झालेला हा तिचा एकुलता एक डोळा. डॉक्टरांनी बजावलं होतं की थेंब चुकले आणि डोळा पिकला, तर मग काही खरं नाही.

अशात आमच्या संस्थेला सुधारायला पुण्याहून एक प्रशिक्षक आले. त्यांनी रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवून आम्हाला शिकवलं की स्वयंसेवक टिकवायचा असेल तर त्याचं कौतुक करा, आणि जाहीर कौतुक करा. आमच्या माना डोलल्या. टिकलेल्या एकमेव माणसाला आणखी टिकवायची कल्पना माझीच. चाळीस वर्षं पोरांना अक्कल शिकवल्यावर एवढी तर सुचणारच.

जाहीर कौतुक म्हणजे फ्लेक्स, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. मी बीडच्या फ्लेक्सवाल्याला मिस्त्रीच्या लायसनवरचा फोटो पाठवला आणि आभाराच्या दोन ओळी दिल्या. फ्लेक्सवाला कामाचा माणूस. त्याने मिस्त्रीचं तोंड घेतलं आणि त्याच्याकडे तयार असलेल्या एका पुढाऱ्याच्या धडावर बसवलं. पांढराशुभ्र कडक शर्ट, जोडलेले हात, आणि खाली ठळक अक्षरांत "जनसेवेचा ध्यास". ती ओळ मी दिली नव्हती. पण फ्लेक्स सुंदर झाला होता, तेव्हा मी तो चौकात लावून टाकला.

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सचिवांना मात्र फ्लेक्स लावताना आठवलं नाही.

दुपारपर्यंत मिस्त्री खालच्या आळीतून उभा राहिला होता. "तरीच म्हटलं, फुकटात थेंब कामून टाकत फिरतोय!" असं म्हणून गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. इतके दिवस तो माणूस समजतच नव्हता, आता कळला. सध्याच्या मेंबराच्या माणसांनी आपल्या गाड्या दुसऱ्या गॅरेजला न्यायला सुरुवात केली. विरोधी गटाने त्याला परस्पर पाठिंबा जाहीर केला. तीनपैकी दोन घरांनी दारातूनच सांगितलं, "मिस्त्री, आमाला दोनी बाजूला ऱ्हायचंय, तुमी येऊ नका."

मिस्त्री माझ्याकडे आला. "गुरुजी, हे काय करून ठेवलं वो? थँक्यू म्हणायचं तर घरी बोलवून च्या पाजायचा."

मी लगेच चूक सुधारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमक्ष फ्लेक्स उतरवला.

संध्याकाळपर्यंत गावात एकच चर्चा, मिस्त्री कितीला बसला? उमेदवार उभा राहतो आणि पैसे घेऊन बसतो, हे आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं. त्यामुळे पैसे घेतले का, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. कुणी पन्नास हजार म्हणालं, कुणी लाख. आजीच्या ओट्यावर, तिच्या डोळ्यात थेंब पडत असताना, शेजारच्याने दारात उभं राहून विचारलं, "खरं सांग बे, कितीला?"

मिस्त्रीने राहिलेला थेंब नीट टाकला आणि थेंबांची बाटली आणून माझ्या हातात दिली. "आता त्या आळीत माझ्यानं जाणं होत न्हाई, गुरुजी. पण थेंब चुकवू नका. दोन थेंबाच्या मधी पाच मिंटं थांबा."

सगळ्या संस्थेत मोकळा मीच होतो. चाळीस वर्षं खडू धरलेला हात माझा. पहिला थेंब आजीच्या गालावर, दुसरा उशीवर, तिसरा कसाबसा डोळ्यात. तीन दिवस तिने मला सहन केलं. चौथ्या दिवशी विचारलं, "मिस्त्री कामून येईना?"

"लोक म्हणतात त्याने पैसे घेतले. खोटं आहे आजी, पण त्याला ते लई लागलं."

आजीने गालावर ओघळलेला थेंब पदराने टिपला. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "घेतले तर घेतले. लेकराबाळाचा धनी हाय. त्याला म्हणावं, आजीच्या मनात काय न्हाई. थेंब टाकायला तेवढं येत जा."

मी तिथून निघालो तो गॅरेजपर्यंत त्या निरोपाची काटछाट करत चाललो. नुसतं 'येत जा' एवढंच ठेवलं, तरी 'आजीला ते खरं वाटलं का?' असं तो विचारणारच; कुठूनही कापला तरी पैसे त्यात राहतच होते. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

गॅरेजमध्ये एकच गाडी होती, ती त्याची स्वतःची. मला पाहून तो उठला.

"आजी काय म्हणली?"

"डोळा बरा आहे म्हणाली," मी सांगितलं.