फक्त पूजेपुरतं

यंत्र थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास आला की देवळाली प्रवऱ्याचं ते वर्कशॉप आठवतं. तिथल्या लोखंड कातणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या नव्या लेथवर मी मोफत मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. झाकण उघडलं की लेथ थांबायचा. पूजेच्या दिवशी मालक म्हणाले, "सायेब, नारळ फुटला की समद्यांना फिरताना दिसाया पायजे." मग प्रोग्राममधली, झाकण उघडताच लेथ थांबवणारी एक ओळ मी बंद केली, शेजारी लिहिलं, 'फक्त पूजेपुरतं'. लेथ उघड्या तोंडानं फिरू लागला. हारातला एक झेंडू आत ओढला गेला, त्याचा क्षणात भुगा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोडेगावच्या एका पाहुण्यानं पेनड्राइव्ह पुढे केला, "फुकट हाय म्हनं, आमाला बी द्या की." मी अभिमानानं सगळं भरून दिलं. संध्याकाळी मालकांच्या लेथवरची ओळ आठवणीनं चालू केली. पेनड्राइव्हमधली मात्र तशीच बंद गेली. दोन वर्षांनी पारनेरच्या एका अनोळखी कारखान्यात गेलो, तर उघड्या, फिरत्या लेथमधून एकजण हातानं लोखंडाचा चुरा काढत होता. प्रोग्राम उघडून पाहिला, तर स्क्रीनवर माझेच शब्द होते, 'फक्त पूजेपुरतं'. "कुठून आणलं हे?" "दोस्ताकडून. त्याला त्याच्या दोस्तानं दिलं. लई सोयीचं हाय, थांबतच न्हाई." ती ओळ मी तिथंच चालू केली. पण आजही कुणी लेथवाला भेटला की नमस्काराआधी मी त्याची बोटं मोजतो.