काळ बदलला, असं आम्ही म्हणतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकांनाही नाही. आज सांगते — न अडखळता जमेल का, बघू.

आमच्या घरचा नाताळ म्हणजे एके काळी नुसता दणका! आबा, म्हणजे माझे वडील, बांबूच्या काड्या तासून पतंगाच्या कागदाची चांदणी करायचे. धाकटी बहीण रूथ करंज्या तळायची आणि तळता तळता अशी गायची, की शेजारच्या शबानाभाभी स्वतःचं लाटणं घेऊन मदतीला यायच्या. गल्लीत प्रत्येक घरी ताट जायचं. आणि आता? बाजारातली प्लास्टिकची चांदणी, बेकरीतला केक, पुण्याच्या भावाचा घाईतला व्हिडिओ कॉल. काळ बदलला, असं घरात सगळे म्हणतात. मी मान डोलावते.

काळानं काही केलेलं नाही. मी केलं.

रूथनं गडहिंग्लजच्या एका हिंदू शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केलं. आबा लग्नाला गेले नाहीत, तिच्याशी बोलणंही टाकलं. आई आधीच गेलेली. तिचं दुखणं मीच काढलं होतं, आणि नवरा-मुलांसकट आबांजवळ राहून घर मीच चालवत होते. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात काड्या तासता तासता आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "रूथला फोन लाव. म्हणावं, नाताळला ये. जावयालाबी आण. माझा राग कवाच गेलाय."

स्वतः फोन करणारा माणूस नव्हता तो. एवढं बोलले, हेच खूप होतं.

मी फोन लावला. पहिल्याच वाक्याला रूथनं विचारलं, "अक्का, आबा काय म्हणत्यात?"

आणि मी — मी म्हटलं, "अजून नाव काढू देत न्हाईत तुझं. यंदा येऊ नगंस."

का? राबायची मी आणि नाताळ आला की सगळ्यांच्या तोंडी रूथ, हे मला वर्षानुवर्षं सलत होतं. त्या वर्षीचा नाताळ पहिल्यांदाच माझा होणार होता. बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आबांना सांगितलं, "न्हाय येणार म्हणाली."

"व्हय? बरं," म्हणाले. हातातली चांदणी अर्धवटच राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी काड्या आणल्या नाहीत, रूथचं नावही काढलं नाही. माझ्या करंज्या फुटायच्या, मग विकतच्या आल्या. ताटं शबानाभाभींपर्यंतच जाऊ लागली, पुढे तीही थांबली. एका शब्दानं सगळं सावरता आलं असतं ना? दर डिसेंबरात तो शब्द माझ्या तोंडाशी होता. मी गिळला.

मग आबा गेले. रूथ मातीला आली. कबरस्तानात माझा हात धरून तिनं विचारलं, "शेवटपर्यंत राग न्हाय गेला व्हय त्यांचा?"

सांगायची वेळ तीच होती. माझ्याकडून काय हिरावलं जाणार होतं आता?

"न्हाय," मी म्हटलं.

गेल्या नाताळला रूथ नवऱ्याला आणि मुलीला घेऊन माझ्याकडे आली. जेवायच्या आधी प्रार्थना कुणी करायची म्हटल्यावर मुलीनं आईकडे बोट दाखवलं. रूथनं डोळे मिटले. म्हणाली, "प्रभू, सगळ्यांनी मला टाकलं तेव्हा माझ्या अक्कानं तेवढा एक फोन केला होता. तिच्यासाठी तुझे आभार."

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले — सगळ्यांत मोठ्यानं.