धाब्यावर वाळणारी माशांची हाडं

लग्न होऊन मी भडगावला आले तेव्हा यांच्या पांढऱ्या कोंबड्या होत्या, घरामागच्या शेडमध्ये. सासरे, म्हणजे आबा, माळकरी. अंडं घरात येणार नाही एवढ्या अटीवर त्यांनी शेडला परवानगी दिली होती. अंडी गोळा करायचं काम माझं.

त्या उन्हाळ्यात अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली, की उचलताना बोट आत जायचं. रोज हात बरबटायचे. खाद्यात चुना कमी पडतोय, हे यांनाही कळत होतं. जळगावहून शिंपल्यांचा चुरा आणला असता तर काम भागलं असतं. पण यांनी रेडिओवर ऐकलं, की माशांच्या हाडांत चुना असतो, आणि मासळीबाजारात ती फुकट पडलेली असतात.

दुसऱ्या दिवशी सायकलला गोणी बांधून आणली. हाडं, डोकी, कल्ले, सगळं एकत्र.

"उकळून वाळवायचं, मग कुटायचं. सोपं आहे," हे म्हणाले.

सोपं त्यांना. पातेलं माझं, चूल माझी. वाळवायला धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर टाकलं, तिथे माझ्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होत्या. दळायला नेलेली गोणी गिरणीवाल्याने उघडून बघितली आणि तशीच बांधून परत दिली. मग माझ्याच लोखंडी खलबत्त्यात कुटणं सुरू झालं. अंगणात, केसांत, पाण्याच्या माठाजवळसुद्धा तोच वास. मी सांगून थकले. हे म्हणायचे, "चार दिवसांत सवय होईल."

सवय कावळ्यांना झाली. एक दिवस आबा ओसरीवर पोथी वाचत होते आणि वरून कावळ्याने माशाचं डोकं टाकलं, ते थेट त्यांच्या पाटाशेजारी. आबा ओरडले नाहीत. पोथी मिटली, दप्तरात बांधली आणि मला म्हणाले, "बठ्ठा घरमा वास शे. मी आते मळामा ऱ्हासू."

मळ्यात खोली होती. तिथे ते राहायला गेले. रोज उन्हातून त्यांचा डबा पोचवायचं काम वाढलं, तेही माझंच.

कवचं मात्र खरंच टणक झाली. हे येईल-जाईल त्याला अंडं ओट्यावर ठोकून दाखवायचे. हा आनंदही टिकला नाही. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याने अंड्यांचे ट्रे परत पाठवले आणि मागोमाग स्वतः आला.

"भाऊ, आम्लेटला मासळीचा वास येतोय. गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं."

"कवच बघा ना," हे म्हणाले.

"कवच कोण खातं, भाऊ?"

मी दारातच उभी होते. तो गेल्यावर म्हटलं, "आता जनावरांच्या डॉक्टरांना विचारून या. नाहीतर उद्यापासून अंडी तुम्ही गोळा करा."

डॉक्टरांनी सांगितलं, की डोकी आणि मांस नको, तेल उतरेपर्यंत नुसती हाडं उकळा, आणि चुरा बेतानेच घाला. यांनी ते मान्य केलं. माझं ऐकून हाडं घरात उकळायची नाहीत, हेही मान्य केलं. मला वाटलं, सुटले. मग यांनी गोणी, पातेलं, खलबत्ता, सगळं बैलगाडीत घातलं आणि मळ्यात नेलं. आबांच्या खोलीसमोर आंब्याखाली चूल मांडली.

संध्याकाळी आबा पायी घरी आले. काखेत पोथी. हातपाय धुतले, ओसरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तो वास तठे बी उना," ते म्हणाले. मळ्यातही वास त्यांच्या मागोमाग आला होता.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी भाकरी टाकायला आत गेले. पुढे अंडी चांगली निघाली, हॉटेलवालाही पुन्हा घ्यायला लागला. पण बाजारातली मासेवाली आमच्याच दारी यायची आणि रस्त्यातूनच मोठ्याने विचारायची, "अक्का, हाडं कुठे टाकू?" आबा समोरच बसलेले असायचे. मी पदर सावरत म्हणायची, "मळ्यात, बाई, मळ्यात."