लव्हाळ्याची वेळ

पाऊस सरला की लॉनमधला लव्हाळा सगळ्यात देखणा दिसतो. याच दिवसांत तो पानांतलं अन्न खाली गाठींमध्ये साठवायला लागतो. आधी घाई करून तणनाशक लावलं तर नुसती पानं करपतात आणि गाठी पुन्हा फुटतात. आता लावलं, तर अन्नाबरोबर तेही तो स्वतःच मुळाशी नेतो. ही वेळ येईपर्यंत त्याला सुखाने वाढू द्यायचं असतं.

आज मी हातमोजे घालून बसले. बाकीच्या हिरवळीला थेंब लागू नये म्हणून एकेक पान बोटांत धरून ब्रश फिरवत होते. सासरे व्हरांड्यात ऊन खात होते. आजारातून उठल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आता कुठे तेज आलंय.

नवरा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वृद्धाश्रमाचं आज सांगून टाकू का?"

"दिवाळी होऊ दे. आत्ता कुठे नीट जेवायला लागलेत. आज सांगितलंस तर अंथरूण धरतील, आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस तिथे घेत नाहीत."

तो आत गेला. सासरे कौतुकाने माझ्या हातांकडे बघत होते.

"किती मायेनं करतेस गं," ते म्हणाले. "आज भूकही छान लागलीय."

"मग एक पोळी जास्त करते," मी म्हटलं, आणि पुढचं पान हातात घेतलं.