फॉन्टसकट मंगलाष्टकं

माझ्या मेहुणीचं लग्न माझ्यामुळे मोडता मोडता वाचलं, असं सासरी अजूनही म्हणतात. मला हे मान्य नाही. दोष फॉन्टचा होता.

मानोऱ्याच्या माझ्या सासऱ्यांनी धाकट्या लेकीसाठी स्वतः मंगलाष्टकं रचली होती. ती मांडवात घरच्यांनी मिळून गावीत, एवढीच त्यांची इच्छा. छापायला म्हणून ते कारंज्याला माझ्याकडे आले, तर मी (अंगात आलेलं, दुसरं काय!) म्हणालो, "छापता कशाला बाबा? ई-बुक करतो!" नक्षीदार वळणाचा एक फॉन्ट शोधला आणि पुस्तकातच बसवून टाकला. "आता कुठल्याही यंत्रावर उघडा, अस्संच दिसणार!" असं छातीठोकपणे सांगितलं. तपासलं मात्र फक्त माझ्या फोनवर.

अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी आपलं नेहमीचं एक कडवं म्हणून आमच्याकडे पाहिलं. बायकोनं टॅबलेट उघडला.

"अवो, इथं त नुसते डबेच डबे दिसून राह्यले!"

"फॉन्ट लागला नसेल. बंद करून परत उघड!"

तिनं उघडलं. डबे आणखी ठळक झाले.

मेहुण्याकडे खास पुस्तकं वाचायचा ई-रीडर. त्यानं माझा फॉन्ट बाजूला सारून स्वतःचाच लावलेला. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे! मी घाईघाईनं सेटिंगमध्ये शिरलो, दिसेल ते दाबलं, तर एकेक अक्षर पानभर झालं.

"भाऊजी, 'शु' आला. 'भ' पुढच्या पानावर असन काय?"

"पान उलट ना!"

"उलटवलं. हे त कोरंच हाय!"

"मुहूर्त चालला!" गुरुजी कडाडले. "कोनी म्हनता, का मी आटपू?"

मंगलाष्टकं सासऱ्यांना तोंडपाठ होती, पण लेकीकडे पाहून त्यांचा गळा असा दाटलेला की शब्द फुटेना.

"तुमच्या फोनवर दिसते ना?" बायको म्हणाली. "मंग तुमीच गा!"

"मी?" (मी न्हाणीघरात गुणगुणलो तरी शेजारी दार वाजवतात.)

"काहून? आता फॉन्ट गाईन काय?"

मी गायलो. माईकवरून! पहिल्या कडव्याला बाहेरचे बँडवाले आत डोकावून गेले. दुसऱ्याला 'सावधान' यायच्या आतच वऱ्हाडींनी अक्षता फेकल्या, त्याही बहुतेक माझ्याच दिशेनं. पण मी हटलो नाही. शेवटचं कडवं संपलं, तेव्हा सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"जावईबापू, जीव तोडून गायले तुमी," ते म्हणाले. "पन मी लिहिलेली मंगलाष्टकं कवा म्हनता?"