ब्रेक न दाबता चाकणला

आमची कंपनी चाकणला ब्रेक पॅड बनवते. मी तिथे प्रॉडक्शनला आहे आणि गेल्या दिवाळीपासून इलेक्ट्रिक गाडीनं कामावर जातो. म्हणजे अशा गाडीनं, जिला ब्रेक जवळजवळ लागतच नाही. हे एकदा लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

थेरगावहून निघालो की मोशीला रस्त्याच्या कडेला आमचा एक ऑपरेटर उभा असतो, त्याला मी गाडीत घेतो. तो मूळचा मोशीचाच, वयानं माझ्याहून मोठा. पॅड दाबून भाजणाऱ्या जुन्या प्रेसवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं. माझी पेट्रोल गाडी होती तेव्हा इंद्रायणीच्या उतारावर मी ती न्यूट्रलला टाकायचो आणि पुलाजवळ ब्रेक दाबायचो. तो कान देऊन ऐकायचा. "साहेब, डावीकडचं पॅड घासत आलंय." आमच्याकडची माणसं सोयऱ्याच्या गाडीत बसली तरी आधी ब्रेक ऐकतात.

नव्या गाडीत त्याच उतारावर मी नुसता पाय उचलला. गाडी आपोआप मंदावली.

"ब्रेक कुठं मारला?"

"मारावा लागत नाही. मोटरच गाडीला अडवते, आणि त्यातून बॅटरी भरते."

"मग पॅड कवा झिजायचं?"

"फारसं झिजतच नाही!" मी इतका खूश होतो की आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं.

तो काचेबाहेर बघत म्हणाला, "बेस हाय की."

पुढे जुना प्रेस बंद करायचा का, यावर मीटिंग झाली. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या, मागणी घटली, असं वरिष्ठ म्हणाले. मी गंभीरपणे मान हलवली. माझी गाडी तेव्हा खाली कंपनीच्याच विजेवर चार्ज होत होती. प्रेस गेला तर मोशीचा आमचा ऑपरेटर पॅकिंगला जाणार, खोक्यांना चिकटपट्टी लावत बसणार, हे मला माहीत होतं. बोललो मात्र काहीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रायश्चित्त सुरू केलं. मोशी आली की पाय उचलल्यावर अडवण्याची ती सोय बंद करायची, उतारावर गाडी पूर्वीसारखी मोकळी सोडायची आणि पुलाशी ब्रेक कचकन दाबायचा. मागचे टेम्पोवाले माझ्या आईवडिलांची चौकशी करायचे. मला ते योग्यच वाटायचं.

"साहेब, गाडीत बिघाड हाय का काय?"

"नाही. म्हटलं, पॅड थोडी झिजलेली बरी."

"अवं, हितं माझी सकाळची भाकरी वर येतीया!" मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पोट धरून हसला. "तुमच्या एका गाडीवर माझा प्रेस चालतोय व्हय? असं किती झिजवणार राव?" हसू ओसरल्यावर त्यानं विचारलं, "मीटिंगमधी काय बोलला का न्हाई?"

"नाही."

"मग तिथं बोलायचं हुतं. हितं ब्रेक मारून काय?"

प्रेस बंद झाला. तो पॅकिंगला गेला. अजूनही मोशीला उभा असतो, अजूनही पुढच्या सीटवर बसतो. उतारावर मी पाय उचलतो, बॅटरी भरते, आणि आम्ही दोघं समोर बघत राहतो.

परवा मात्र पूल जवळ आल्यावर तो म्हणाला, "साहेब, यकदा दाबा की."

आरशात बघितलं, मागे कुणी नव्हतं. दाबला. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं बसलंय. माझ्याच हातचं असंल."

माझ्या गाडीला पॅड दुसऱ्याच कंपनीची आहेत. याही वेळी मी काही बोललो नाही.